‘डॉक्टर इन्फॉर्म्ड’च्या पुढचं वाक्य

मिरजेला नर्सिंग शिकताना राउंडला ट्रे धरून डॉक्टरांच्या मागे उभं राहायचं, विचारलं तरच बोलायचं, आणि ड्यूटी संपताना रिपोर्टमध्ये लिहायचं: ‘बीपी लो, डॉक्टर इन्फॉर्म्ड.’ पुढे पुण्यात आयसीयूत आणि मग इथे ह्यूस्टनमध्ये नऊ वर्षं बेडसाइड नर्स म्हणून काम केलं, तिथेही तेच. फक्त शब्द बदलला, ‘प्रोव्हायडर नोटिफाइड’. हे लिहिलं की माझी जबाबदारी संपली असं नव्हे, पण निर्णय दुसऱ्याचा असायचा. नर्स प्रॅक्टिशनर झाल्यावर नोकरीच्या मुलाखती द्यायला लागले तेव्हा कळलं, की त्या वाक्याच्या पुढचं वाक्य मला बोलताच येत नाही.

या वाटेवर ज्या मराठी नर्सेस आहेत, त्यांच्यासाठी हे तारीखवार लिहून ठेवतेय. सगळं टेक्सासचं आहे. दुसऱ्या राज्यात नियम वेगळे असतात, तेव्हा आपापल्या नर्सिंग बोर्डाचं पान आधी वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे एनपी, पेशंट तपासते, निदान करते, औषध लिहून देते. त्यासाठी बीएस्सी नर्सिंगनंतर मास्टर्स किंवा डॉक्टरेट, मग राष्ट्रीय परीक्षा, मग राज्याचा परवाना. निम्म्याहून अधिक राज्यांत एनपी स्वतंत्रपणे काम करू शकते. टेक्सासात नाही. इथे एखाद्या डॉक्टरबरोबर औषधं लिहिण्याचा लेखी करार लागतो. हा करार कुणाबरोबर आहे यावरच माझी एक नोकरी हुकली, म्हणजे मी हुकवली. ते पुढे येईलच.

११ मे २०२४ ला पदवी मिळाली. माझा कोर्स फॅमिली एनपीचा, त्यात ७२० तासांचं क्लिनिकल. मी आठवड्याला तीन नाइट करून हे केलं, त्यामुळे मे महिन्यात मी फक्त झोपले. ही चूक झाली. त्याच पंधरवड्यात प्रिसेप्टरांकडून, म्हणजे क्लिनिकलमध्ये ज्यांच्या हाताखाली शिकले त्यांच्याकडून, शिफारसपत्रं मागायला हवी होती. जुलैत मागायला गेले तर एक डॉक्टर गाव सोडून गेलेल्या, दुसऱ्यांना माझा चेहरा आठवत होता, काम नाही. रोटेशनच्या शेवटच्या दिवशी, एप्रन अंगावर असतानाच मागून घ्या. भिडेखातर ‘नंतर मेल करते’ म्हणू नका.

राष्ट्रीय परीक्षा एएनसीसी या संस्थेची घेतली. फी ३९५ डॉलर, १७५ प्रश्न, साडेतीन तास. तारीख १० जुलै. ८ जुलैला पहाटे बेरिल वादळ आलं. ह्यूस्टन परिसरात वीस लाखांहून अधिक घरं-दुकानांची वीज गेली, आमचीही. परीक्षा केंद्र बंद असल्याचा मेल गाडीत फोन चार्ज करताना वाचला. पाच दिवस लाइट नव्हती. ह्यूस्टनच्या जुलैत एसीशिवाय पाच दिवस, हातात फार्माकॉलॉजीच्या नोट्स, आणि फ्रिजमधलं सगळं फेकलेलं. नवीन तारीख मिळाली २३ जुलै. केंद्रात खिसे उलटे करून दाखवावे लागतात, चष्मासुद्धा बघतात, आणि लग्नाच्या अंगठीशिवाय दागिने चालत नाहीत. मंगळसूत्र घरीच ठेवून जा, म्हणजे ऐन वेळी लॉकरपाशी घालमेल नको. शेवटचा प्रश्न सबमिट केल्यावर निकाल स्क्रीनवरच येतो. पास.

त्याच आठवड्यात बोर्डाकडे परवान्याचा अर्ज केला. तो २८ ऑगस्टला मिळाला. दरम्यान एनपीआय नंबर, म्हणजे राष्ट्रीय ओळखक्रमांक, काढला, तो फुकट असतो आणि लगेच मिळतो. नियंत्रित औषधांसाठी डीईए या केंद्रीय खात्याची नोंदणी लागते, तिची फी तीन वर्षांची ८८८ डॉलर. ती मी मुद्दाम थांबवली, कारण बरेच मालक ती भरतात. डीईएसाठी व्यसनविकारांवरचं आठ तासांचं प्रशिक्षणही दाखवावं लागतं. नुकतीच पदवी झाली असेल तर ते बहुधा कोर्समध्येच झालेलं असतं. कॉलेजकडून तसं पत्र घ्या आणि आठ तास वाचवा.

आता बायोडेटा. माझा पहिला बायोडेटा वाचून कुणीही म्हणालं असतं, वा, काय आयसीयू नर्स आहे! व्हेंटिलेटर, सीआरआरटी, कोड ब्लू. क्लिनिकच्या नोकरीला त्याचा काय उपयोग? ऑगस्टच्या पहिल्या दहा दिवसांत मी तो २२ ठिकाणी पाठवला आणि एकाही ठिकाणाहून फोन आला नाही. वॉर्डातली फिलिपिनो चार्ज नर्स स्वतः दोन वर्षांपूर्वी एनपी झाली होती. तिने तो ब्रेकरूममध्ये वाचला आणि अर्धं पान पेनने खोडलं. मग नवीन केला: फॅमिली प्रॅक्टिस ४२० तास, स्त्रीआरोग्य १८०, बालरोग १२०. कोणत्या वयाचे पेशंट, स्वतः काय काय केलं, कोणती संगणकप्रणाली येते, कोणत्या भाषा येतात. आयसीयू दोन ओळींत. पुढच्या नऊ अर्जांतून चार मुलाखती आल्या.

पहिली फोनवरच, एका रिक्रूटरची. मी नाइट करून आले होते. तिने तिसऱ्याच मिनिटाला विचारलं, पगाराची अपेक्षा काय? मी म्हणाले, ९५ हजार. का म्हणाले, माहीत नाही. ओव्हरटाइम धरून नर्स म्हणून मी त्याहून जास्त कमवत होते! कमी मागितलं तर घेतील, अशी कुठलीतरी जुनी भीती. त्या दिवशी मिरजेला आईला फोन केला तर ती म्हणाली, “भीड भिकेची बहीण, एवढं तरी लक्षात ठेवायचंस.” सरकारी श्रमविभागाच्या मे २०२३ च्या आकड्यांत देशभरातल्या एनपींचा मध्यम पगार सुमारे १ लाख २६ हजार होता. नव्याला तेवढा मिळत नाही, पण हा आकडा डोक्यात असता तर ९५ तोंडातून निघाले नसते. फोनवर पगार विचारला तर ‘तुमची या जागेची रेंज काय आहे?’ असं उलट विचारायचं. मी हे वाक्य फ्रिजवर चिकटवलं.

दुसरी मुलाखत २० ऑगस्टला, अर्जंट केअरमध्ये. एक्स-रे स्वतः वाचता का? टाके किती घातलेत? मी खरं सांगितलं, सहा वेळा. समोरचे डॉक्टर हसले, सौजन्याने, आणि मी तिथेच ओळखलं. पण त्यांचा एक प्रश्न फार कामाचा होता. नवा पेशंट, म्हणतो आधीचे डॉक्टर रोज अल्प्राझोलॅम, ती घबराटीवरची सवय लावणारी गोळी, द्यायचे, गोळ्या संपल्यात, लिहून द्या. मी म्हणाले, “आधी त्यांच्या डॉक्टरांना फोन करून विचारू.” ते म्हणाले, “रात्रीचे आठ वाजलेत. डॉक्टर तुम्हीच आहात.” तसं अर्थातच नव्हतं, पण त्यांना काय म्हणायचंय ते कळलं. बरोबर उत्तर असं होतं: राज्याच्या औषधनोंदींच्या प्रणालीत आधी बघायचं, जे टेक्सासात अशा औषधांसाठी कायद्यानेच बंधनकारक आहे. किती दिवसांपासून घेतो, किती, सोबत दारू किंवा ओपिऑइड आहे का, अचानक बंद केल्याने झटके येण्याचा धोका किती, आणि मग ‘मी’ काय करणार. मला हे सगळं येत होतं. परीक्षेत टिक केलं असतं. तोंडाने बोलता आलं नाही.

म्हणून घरी सराव सुरू केला. संध्याकाळी जेवणानंतर स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी एका बाजूला, नवरा समोर प्रश्नांची यादी घेऊन. चौदा वर्षांची लेक कंटाळून बसली होती, तर तिला काम दिलं, मी किती वेळा अडखळते ते मोज. तिने वहीत रेघा मारल्या, चार उभ्या आणि एक आडवी, अशा गड्ड्या. वीस मिनिटांनी वही माझ्याकडे फिरवली. अडखळणं नव्हतं मोजलं तिने.

“आई, तू सतरा वेळा ‘वी’ म्हणालीस. ‘आय’ दोनदा.”

प्रश्न होता, तुमच्या हातून झालेली एक चूक सांगा. हा प्रश्न सगळीकडे येतो. माझ्याकडे खरी गोष्ट होती. काही वर्षांपूर्वी एका पेशंटला जेवणाआधीचं इन्सुलिन दिलं, किचनमधून ट्रे यायला पाऊण तास उशीर झाला, शुगर ५८ वर आली. ज्यूस दिला, पंधरा मिनिटांनी परत तपासली, पेशंट ठीक. मी ती सांगत होते ती अशी: इन्सुलिन वेळेआधी दिलं गेलं, ट्रे उशिरा आला, आम्ही ज्यूस दिला.

लेक म्हणाली, “दिलं गेलं म्हणजे? कोणी दिलं?”

नवरा गप्प. मी दिलं होतं. ट्रे दिसल्याशिवाय द्यायचं नाही हे मला माहीत होतं, आणि चार पेशंट असल्यामुळे मी घाई केली होती. त्या रात्री तीच गोष्ट मी पाच वेळा सांगितली, प्रत्येक वेळी कर्ता जागेवर ठेवून. मी दिलं. मी ट्रे बघितला नव्हता. मी शुगर तपासली. मी डॉक्टरांना सांगितलं, घटनेचा रिपोर्ट मी भरला. त्यानंतर मी ट्रे टेबलावर आल्याशिवाय सुई हातात घेत नाही. ऐकायला सोपं आहे. बोलताना मला अक्षरशः घाम फुटला, आणि त्याचं कारण बेरिल नव्हतं.

यानंतर तयारीची पद्धतच बदलली. रोज एक केस घ्यायची, मोठ्याने बोलायची, फोनवर रेकॉर्ड करायची आणि कामाला जाताना आय-टेन हायवेवरच्या ट्रॅफिकमध्ये ऐकायची. स्वतःचा आवाज ऐकणं ही शिक्षाच असते. पण ‘मे बी’ आणि ‘आय थिंक’ किती येतात ते तिथेच कळतं. अशा साधारण तीस केसेस केल्या: डायबेटिस, ब्लड प्रेशर, दमा, छातीत दुखणं, डोकेदुखीतली धोक्याची चिन्हं, व्हायरल सर्दीला अँटिबायोटिक मागणारा पेशंट, नैराश्य. पाठांतर नको. प्रत्येक केसमध्ये चारच गोष्टी: आज मला कशाची भीती आहे, आज मी काय करते, कधी परत बोलावते, आणि कोणत्या क्षणी पुढे पाठवते.

तिसरी मुलाखत सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, गणपतीच्या दिवसांतच. फोन आला तेव्हा हाताला मोदकाची उकड होती. छोटं खासगी क्लिनिक, घरापासून पंधरा मिनिटं. चाळीस मिनिटांत तिथेच म्हणाले, तुम्ही आम्हाला आवडलात. १ लाख १२ हजार. मी हरखले होते. पण प्रश्नांचा कागद नेला होता, तो काढला. रोज किती पेशंट? अठ्ठावीस. कधीपासून? तिसऱ्या आठवड्यापासून. करार कुणाबरोबर? एका डॉक्टरांबरोबर, ते दुसऱ्या शहरात असतात. अडलं तर? फोन करा, उचलतात बहुतेक वेळा.

‘बहुतेक वेळा’ हे दोन शब्द मी घरी घेऊन आले.

कराराचा मसुदा मेलवर आला, दोन दिवसांत उत्तर हवं होतं. एका वकिलाला ४०० डॉलर देऊन वाचून घेतला. हा खर्च कधीही टाळू नका. त्यात मालप्रॅक्टिस विमा ‘क्लेम्स-मेड’ पद्धतीचा होता. म्हणजे नोकरी सोडल्यावर, आधीच्या कामाबद्दल कुणी दावा केला तर संरक्षण नाही, त्यासाठी ‘टेल’ नावाचा वेगळा विमा घ्यावा लागतो, आणि तो माझ्या खर्चाने. शिवाय नोकरी सोडल्यास दोन वर्षं, पंधरा मैलांत काम करायचं नाही. (१ सप्टेंबर २०२५ पासून टेक्सासात नव्या करारांसाठी कायदा बदललाय. नर्सेसनाही आता अशी अट एक वर्ष आणि पाच मैलांपेक्षा जास्त घालता येत नाही. माझ्या वेळी हे नव्हतं.)

मी नाही म्हणाले. हातात काहीच नसताना. नवऱ्याने काही म्हटलं नाही, पण रात्री दोनदा उठून पाणी प्यायला गेला. पुढचे तीन आठवडे मी रोज सकाळी मेल उघडताना स्वतःला शिव्या दिल्या, हे लपवण्यात अर्थ नाही.

चौथी, ८ ऑक्टोबर. शहराच्या पूर्वेला पासाडेनाच्या बाजूचं सामुदायिक आरोग्य केंद्र, केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणारं. बहुतेक पेशंट स्पॅनिश बोलणारे, बऱ्याच जणांना इन्शुरन्स नाही. टेबलाच्या पलीकडे चौघे: मेडिकल डायरेक्टर, एक ज्येष्ठ एनपी, नर्स मॅनेजर, एचआर. मी निळा कुर्ता, काळी पँट, वर ब्लेझर असा वेष केला होता. साडी-सूट या विषयावर लोक फार विचार करतात. इस्त्री असली की झालं.

केस अशी दिली. चोपन्न वर्षांचा पुरुष, तीन वर्षांत कुठे दाखवलेलं नाही. ए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ९.४, बीपी १५६/९२, ईजीएफआर (किडनीचं काम) ५२, लघवीत अल्ब्युमिन वाढलेलं. पहिल्या व्हिजिटला काय कराल?

मी म्हणाले, बीपी मी परत मोजते, बसवून, पाच मिनिटांनी. मेटफॉर्मिन सुरू करते, या ईजीएफआरला चालतं. लघवीत अल्ब्युमिन आहे म्हणून बीपीसाठी एसीई इनहिबिटर किंवा एआरबी, आणि दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन-पोटॅशियम. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन. पाय आजच बघते, डोळ्यांसाठी पाठवते. किडनीसाठी एसजीएलटी२ गटातलं औषध मला द्यायचंय, पण त्याआधी एक विचारते, त्याला ते परवडतं का?

डायरेक्टर म्हणाल्या, “इन्शुरन्स नाही.”

“मग तुमच्याकडे ३४०बी या सरकारी सवलत योजनेत ते स्वस्तात मिळतं का, हे मी फार्मसीला विचारते. नाही मिळालं तर आज मेटफॉर्मिन आणि बीपीची गोळी, या दोन त्याने नक्की घ्याव्यात यावर मी भर देते. पहिल्याच दिवशी पाच बाटल्या दिल्या तर तो परत येणार नाही.”

ज्येष्ठ एनपीने काहीतरी लिहिलं. मग तिने विचारलं, “आणि तुम्हाला माहीतच नसेल तर?” मी रोटेशनमधली एका लहान मुलाच्या पुरळाची गोष्ट सांगितली. मला कळलं नव्हतं, आणि मी त्याच्या आईला तसं सांगितलं होतं: मला नक्की माहीत नाही, दहा मिनिटं द्या, मी बघते आणि विचारून येते. मग ‘तुमची एक चूक सांगा’ हा प्रश्न आला, इन्सुलिनची गोष्ट आली, कर्ता जागेवर राहिला.

माझी पाळी आली तेव्हा तोच कागद काढला. करार कुणाबरोबर? समोर बसलेल्या डायरेक्टरांबरोबरच, त्या आठवड्यातून चार दिवस इमारतीत असतात. याआधीची एनपी का गेली? हा प्रश्न विचारायला जीव वर-खाली होतो, पण विचारा. उत्तरापेक्षा ते एकमेकांकडे कसे बघतात ते बघा. इथे नर्स मॅनेजर सरळ म्हणाली, डॅलसला गेली, नवऱ्याची बदली. विमा? अशा केंद्रांना फेडरल टॉर्ट क्लेम्स कायद्याचं संरक्षण असतं, त्यात ‘टेल’ची भानगडच नाही.

२५ ऑक्टोबरला ऑफर आली, १ लाख ८ हजार. नाकारलेल्या क्लिनिकपेक्षा चार हजार कमी. पगारावर मी फार ताणलं नाही. ताणलं ते पेशंटच्या संख्येवर: पहिला महिना रोज आठ, मग हळूहळू वाढवत सहा महिन्यांनी अठरा, आणि हे करारात लिहून. डीईएची फी त्यांच्याकडे. शिक्षणासाठी वर्षाला २,००० डॉलर आणि पाच दिवस. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, ४ नोव्हेंबरला सही केली.

मला वाटलं, झालं. पण सही झाली तरी काम लगेच सुरू होत नाही. क्रेडेन्शियलिंग नावाचा प्रकार असतो. प्रत्येक विमा कंपनी तुमची कुंडली तपासते, आणि त्याला तीन-चार महिने सहज जातात. विमा कंपन्या बघतात त्या सीएक्यूएचच्या पोर्टलवर सगळी कागदपत्रं चढवायची, दर १२० दिवसांनी ‘हे अजून खरं आहे’ म्हणून पुन्हा टिक करायचं. लेकीच्या जन्मानंतर मी दोन वर्षं घरी होते, त्याचा लेखी खुलासा मागितला. मी लिहिलं, ‘मूल वाढवत होते.’ एवढं पुरलं. नवीन नोकरी सुरू व्हायच्या तारखेची खात्री होईपर्यंत जुनीचा राजीनामा देऊ नका. मी फेब्रुवारीपर्यंत नाइट करत होते.

त्याच दिवसांत, २२ जानेवारी २०२५ ला, लॉरेटा फोर्ड गेल्या, १०४ व्या वर्षी. हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांबरोबर त्यांनीच १९६५ मध्ये कोलोरॅडोत एनपीचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. बातमी ब्रेकरूममध्ये, पहाटे चारला, फोनवर वाचली. चार्ज नर्सला दाखवली. ती म्हणाली, या बाईला मुलाखतीत काय विचारलं असेल ग?

सोमवारी, ३ मार्चला रुजू झाले. पहिल्या आठवड्यातला तिसरा दिवस. मी कॉम्प्युटरसमोर बसून एका रिपोर्टशी झुंजत होते. शेजारच्या खोलीतल्या पेशंटच्या नोंदीत मेडिकल असिस्टंटने टाइप केलेली ओळ स्क्रीनवर आली: बीपी १८८/१०४, सकाळी १०:४२, प्रोव्हायडर नोटिफाइड. मी सवयीने मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून. मागे भिंत होती, लसीकरणाचा तक्ता लावलेली.

मग उठले, खोलीत गेले, आजीबाईंना पाय जमिनीला टेकवून बसायला सांगितलं, त्यांची पर्स मांडीवरून खाली ठेवली, आणि पाच मिनिटांनी बीपी स्वतः परत मोजलं.